सात सूत वाकडी

आरमोरीत गाडीला अपघात झाला की जमलेले लोक ड्रायव्हरला ‘लागलं का?’ हे नंतर विचारतात. आधीचा प्रश्न असतो, ‘ब्रह्मपुरीकडून येत होता, का ब्रह्मपुरीकडे जात होता?’ या प्रश्नात भूगोल कमी आणि कायदा जास्त आहे. मधून वैनगंगा वाहते. अलीकडे गडचिरोली जिल्हा, इथे १९९३ पासून दारूबंदी. पलीकडे चंद्रपूर जिल्हा, तिथे २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली गेली. त्यामुळे पूल ओलांडून येणाऱ्याने झाडाला धडक दिली तर कारण सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, आणि पुलाकडे जाणाऱ्याने दिली तर त्याला घाई होती असं समजून घेतात. आमचा भाचा वडशाकडून येत होता. वडसा याच जिल्ह्यात, म्हणजे तिथेही बंदी. ही दिशा कोणत्याच खात्यात बसेना, तेव्हा जमलेल्यांना नाइलाजाने खरं काय झालं ते ऐकून घ्यावं लागलं.

खरं ते साधंच होतं. पोळा होऊन गेला होता, रात्रभर पाऊस झाला होता, आणि ओल्या रानापेक्षा डांबर बरं म्हणून गावची ढोरं रस्त्यावर रवंथ करत बसली होती. भाच्याने त्यांना वाचवायला गाडी खाली घातली. खाली मोहाचं झाड होतं. ढोरं उठलीसुद्धा नाहीत. सगळ्यात आधी धावत आली ती जवळच्या टोलीवरची एक आजी. तिने झाडाला फेरी मारली, सालीवरून हात फिरवला, वर फांद्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘वाचलं बापा!’ फुलं पडायला अजून सहा महिने होते. पण त्या झाडाखाली तिच्या घरच्यांनीच आजवर फुलं वेचलेली, तेव्हा जीव अडकणारच. मग तिचं लक्ष भाच्याकडे गेलं. ‘आन तू कोनाचा गा?’

भाच्याचा गुडघा खरचटला होता, झाडाची तळहाताएवढी साल निघाली होती आणि गाडीची चेसिस वाकली होती. गावाने चौकशी केली ती झाड, गाडी, भाचा या क्रमाने.

दुपारी बातमी बाजारात पोचली तोवर झाडाचा हत्ती झाला होता. २०२१ च्या ऑक्टोबरात ओडिशाकडच्या रानटी हत्तींचा कळप छत्तीसगडमार्गे आमच्या जिल्ह्यात आला. तेव्हापासून आरमोरी-कुरखेड्याच्या बाजूला धानाची बांधी तुडवली गेली की नाव हत्तीचं येतं, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. त्यामुळे वाकलेली गाडी ट्रॅक्टरच्या मागे दोरीने बांधून गावात आणली तेव्हा दोन्ही बाजूंनी लोक हत्तीच्या आशेने उभे होते. पुढे आमच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी गाडीखाली एकदा वाकून बघितलं आणि हत्तीला निर्दोष सोडलं. ‘हत्तीनं मारली असती तं वरून दबली असती जी. हे समोरून लागलं हाये.’ गर्दी तिथेच निम्मी झाली.

ही गाडी म्हणजे महिंद्राची जुनी एफसी, मागे उघडा हौदा असलेली. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. घराणं जीपचंच, पण पुढचं लांब नाक कापून ड्रायव्हरला थेट पुढच्या चाकांच्या वर नेऊन बसवलेलं, म्हणजे तेवढ्याच लांबीत माल जास्त मावतो. नाक कापलं तरी इंजिन कुठेतरी ठेवावंच लागतं. ते ठेवलं दोन सीटांच्या मध्ये, पत्र्याच्या डब्याखाली. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. या गाडीतून उतरलेल्या माणसाला त्या उन्हात गार वाटतं.

मूळ गाडी अमेरिकेची, टोलेडो गावच्या विलीज कारखान्यातली, १९५६ साली बाजारात आलेली. तिचं रूप ठरवलं ब्रूक्स स्टीव्हन्स नावाच्या नामांकित डिझायनरने. याच गृहस्थाने १९५८ साली मांसाचे पदार्थ विकणाऱ्या एका कंपनीच्या जाहिरातीसाठी सॉसेजच्या आकाराची मोटार तयार करून दिली. हे कळल्यापासून एफसीकडे बघून कोणी हसलं तर मी मनावर घेत नाही. अमेरिकेत ही गाडी १९६५ च्या सुमारास बंद पडली. आपल्याकडे ती तेव्हा कुठे सुरू होत होती, आणि एकदा सुरू झालेली गोष्ट बंद करण्याची आपल्याला घाई नसते.

दिसायला कशीही असो, कामाला ती गंभीर होती. आमच्या वडिलांनी ती सरकारी लिलावात घेतली. तेव्हापासून नवरात्रात दुर्गेची मूर्ती, दिवाळीला धान, मग होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे, पेट्या आणि तबले, आणि मे महिन्यात तेंदूपत्ता असं तिचं वर्ष ठरलेलं. वडसा ही या नाटकांची राजधानी. हिवाळ्यात तिथल्या मंडळ्या गावोगाव निघतात. नाटक रात्री उभं राहतं आणि पहाटे संपतं. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यात आपल्या गाडीचाही थोडा वाटा आहे असं आमच्या घरात एकमताने ठरलं. गाडीने त्यांचा पडदा कधी वाहिला होता की नाही, हा प्रश्न कोणी काढला नाही.

एवढ्या वर्षांत तिच्यात मूळचं फार उरलेलं नव्हतं. पेट्रोलचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं. गिअरबॉक्स एका जीपचा, रेडिएटर दुसरीचा, सीटा भंगारातल्या बसच्या, हौदा आरमोरीच्या सुताराचा. तरी ती तीच गाडी. कारण सरकारच्या दृष्टीने गाडीची ओळख म्हणजे चेसिसच्या लोखंडावर ठोकलेला नंबर. बाकी सगळं बदला, नोंद करा, पुढे चला. हे वळण तिला कंपनीकडूनच लागलं असावं. १९४५ साली ही कंपनी निघाली तेव्हा तिचं नाव होतं ‘महिंद्रा अँड महंमद’. फाळणी झाली. भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. आद्याक्षरं तीच राहिल्यामुळे छापून ठेवलेले कागद वाया गेले नाहीत, असं सांगतात. अर्थमंत्री बदलला तरी कंपनी तीच राहते, तर रेडिएटर बदलल्याने काय होतंय!

पण आता नेमकं नंबरवालं लोखंडच वाकलं होतं.

जुन्या जीपची चेसिस ही फार समजूतदार गोष्ट आहे. दोन्ही बाजूंना ‘सी’ आकाराच्या दोन लांब पोलादी पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि सगळं रिव्हेटांनी ठोकून पक्कं केलेलं. शिडी आडवी ठेवायची, तिच्यावर इंजिन आणि माणसं बसवायची आणि खाली चाकं लावायची. मोटारविद्येचा गाभा एवढाच. हल्लीच्या बऱ्याचशा मोटारींना ही शिडीच नसते, पत्र्याचा सांगाडा हीच चेसिस असते. मालवाहू पिकअपला मात्र अजून शिडीच लागते, कारण धानाच्या पोत्याला अजून कोणी हलकं केलेलं नाही.

ही शिडी वाकते तीसुद्धा ठराविक चालींनी. समोरून सरळ मार बसला तर तोंडाशी चुरगळते. बाजूने बसला तर एका अंगाला कलते. मधल्या भागावर जोर आला तर खाली बसते. खड्ड्यात एकच चाक आदळलं तर पिळते. आणि एका कोपऱ्यावर मार बसला तर त्या बाजूची पट्टी मागे सरकते आणि आयताचा पतंग होतो. आमच्या गाडीचा डावा कोपरा मोहावर गेला होता. तिचा पतंग झाला होता, शिवाय डावं तोंड चुरगळलं होतं. अशी गाडी चालते, पण नाक एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे ठेवून चालते. समोरून येणाऱ्याला वाटतं ही वळणार, आणि ती वळत नाही.

नागपूरच्या एका मोठ्या वर्कशॉपला भाच्याने फोटो पाठवले. तिथे गाडी एका लोखंडी बाकावर बांधतात, कंप्यूटरने मापं घेतात आणि यंत्राने खेचून जागेवर आणतात. तिथल्या साहेबांनी फार सौजन्याने कळवलं की यंत्र उत्तम आहे, पण या मॉडेलची मूळ मापं सिस्टीममध्ये नाहीत. म्हणजे गाडी सरळ करता येणार नाही, एवढंच नाही. ती वाकली आहे हेही त्यांना अधिकृतपणे म्हणता येणार नव्हतं. विम्याकडून काही येण्याचा प्रश्न नव्हता. आमचा विमा फक्त दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा होता, आणि दुसरा पक्ष म्हणजे झाड. त्याच्या वतीने आजीने दावा सांगितला असता तर तिला मात्र काही मिळालं असतं.

मग गाडी आमच्या मिस्त्रींकडे आली. मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे एक कडुलिंब, पत्र्याची शेड, गॅसच्या टाक्या, वेल्डिंगचं मशीन आणि रुळाचा एक तुकडा. आमच्या जिल्ह्यात रेल्वे म्हणाल तर वर्षानुवर्षं एकच स्टेशन, वडसा. गडचिरोलीपर्यंत रूळ येणार म्हणून दोन पिढ्या वाट पाहिली. पण रुळाचा तुकडा नाही असं गॅरेज मला या रस्त्यावर अजून दिसलेलं नाही. मिस्त्रींचा तुकडा, ते सांगतात त्याप्रमाणे, गोंदिया-चांदा छोट्या लाईनचा आहे. लाईन मोठी झाली, छोटे रूळ भंगारात निघाले आणि गावोगाव ऐरण होऊन बसले. रेल्वे आमच्यापर्यंत या मार्गाने पोचली.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी हातोडा उचललाच नाही. आधी हौदा उतरवला, मग केबिन. मग उघडी चेसिस चार ठोकळ्यांवर ठेवली, पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपरे एका पातळीत आणले, आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिनांच्या भोकांतून ओळंबे सोडले. ओळंब्याचं टोक जिथे आलं तिथे खाली फरशीवर खडूने फुली. गाडी बाजूला केली तरी फरशीवर तिचा नकाशा उरतो. मग त्यांनी फितीचं एक टोक माझ्या हातात दिलं. ‘धरा सर.’

पुढच्या डाव्या फुलीपासून मागच्या उजव्या फुलीपर्यंत एक माप. पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत दुसरं. आयताचे दोन्ही कर्ण समान असतात, हे मी शाळेत नोकरी संपेपर्यंत फळ्यावर लिहिलं. ‘सर, याचा उपयोग काय?’ असं विचारणारा विद्यार्थी दर वर्षी एक तरी निघायचा, आणि मी त्याला परीक्षेला येतं असं सांगायचो. मिस्त्री फितीवर वाकले, उठले आणि म्हणाले, ‘सात सूत.’ एक इंच म्हणजे आठ सूत. आमची गाडी जवळजवळ एक इंच पतंग झाली होती.

सात सूत ही मिस्त्रींची बातमी होती. गावाची मतं तिच्याआधीच तयार होती.

इथे आमच्याकडच्या खर्ऱ्याबद्दल सांगणं भाग आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घेऊन तळव्यावर घोटायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ माणूस एका जागी उभा असतो, हात गुंतलेले असतात आणि तोंड अजून मोकळं असतं. मत याच अवधीत तयार होतं. खर्रा सोडवायला जिल्ह्यात मोहिमा निघाल्या आहेत, आणि त्या निघायलाच हव्यात. पण त्या यशस्वी झाल्या तर आमच्याकडच्या सार्वजनिक चर्चेचं काय होईल याचा विचार अजून कोणी केलेला नाही.

एक निवृत्त वायरमन रोज यायचे. एक डोळा मिटून ते चेसिसच्या टोकापासून बघायचे आणि समोरच्या विजेच्या खांबाशी सीध धरून सांगायचे, ‘उजवीकडं जाते.’ डावी बाजू ठोकलेली गाडी उजवीकडे कशी जाईल, यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी मिस्त्रींच्या पोराने त्या खांबालाच ओळंबा लावून पाहिला. खांब तिरपा निघाला. वायरमननी तिथल्या तिथे वीज कार्यालयाला अर्ज लिहायला घेतला, आणि गाडीबद्दलचं आपलं मत कायम ठेवलं.

दुसरे एक, नाटकाचे पडदे रंगवणारे पेंटर. राजवाड्याचे खांब मागे मागे जाताना लहान कसे दाखवायचे ही त्यांची विद्या. त्यांचं म्हणणं, थोडं वाकडं राहू द्या; प्रेक्षक ज्या बाजूला बसतो तिथून सरळ दिसलं की झालं. रस्त्यावर प्रेक्षक दोन्ही बाजूंना असतात असं मी म्हटलं, तर ते म्हणाले, ‘मंग दोन्ही बाजूनं येगयेगळी रंगवू.’

तिसऱ्याचा आग्रह पूर्ण गाडी मोडीत काढण्याचा. त्याचा स्वतःचा भंगाराचा धंदा होता, तेव्हा ते मत नसून निविदा होती. चौथा म्हणायचा, उलट्या बाजूने तेवढ्याच वेगाने दुसऱ्या झाडावर नेली की आपोआप सरळ होईल. हा विज्ञानाचा पदवीधर होता.

मला त्या दिवसांत एक गोष्ट कळली. नवी गाडी बिघडली की तिला वायर लावतात, पडद्यावर आकडा उमटतो आणि मालकाला बिल मिळतं. मध्ये कोणाला तोंड घालायला जागाच नसते. जुनी गाडी मात्र सगळ्या गावाला आत घेते. तिचं लोखंड उघडं, बोल्ट उघडे, दुखणं उघडं; बघणाऱ्याला वाटतं हे मलाही समजतं, आणि निम्म्याहून अधिक ते समजतंही. या सगळ्या मतांमध्ये एकच माणूस मत देत नव्हता. ते मिस्त्री. ते फीत धरायचे.

ओढायच्या दिवशी मिस्त्रींनी चेसिस दोन जागी बांधली. जमिनीत काँक्रीट करून पुरलेले रुळाचे खुंट त्यासाठीच होते. ‘कडुलिंबाला बांधा ना,’ कोणी तरी म्हणालं. ‘झाड हालते, आन झाडाला लागते,’ मिस्त्री म्हणाले. मोहाच्या आजीला हे ऐकून बरं वाटलं असतं. मग डाव्या पट्टीच्या तोंडाला साखळी, साखळीला चेनपुली, आणि आत जिथे लोखंड चुरगळलं होतं तिथे बाटली जॅक. ताणलेल्या साखळीवर त्यांनी ओली पोती टाकली. साखळी तुटली तर ती हवेत न उडता खाली पडावी म्हणून. खडूने एक रेघ मारली आणि सगळ्या बघ्यांना रेघेपलीकडे घालवलं. अंतर वाढल्यामुळे मतं आता मोठ्याने येऊ लागली.

लोखंडाला मागची सवय असते. सात सूत ओढून सोडलं तर ते दोन सूत परत जातं. म्हणून नऊ ओढायचं, थांबायचं, हातोडीने आजूबाजूला हलके ठोके द्यायचे म्हणजे आतला ताण मोकळा होतो, आणि मग सोडून पुन्हा मोजायचं. एका दमात कधीच नाही. थोडं ओढ, सोड, मोज, पुन्हा थोडं. शाळेत असताना हे तंत्र मला कोणी सांगितलं असतं तर निकाल वेगळे लागले असते.

चुरगळलेला भाग मात्र थंडा सरळ होईना. तिथे गॅसचा जाळ लावायचा ठरला. ही जुनी चेसिस साध्या पोलादाची, म्हणून थोडा जाळ सोसते. हल्लीच्या जास्त ताकदीच्या पोलादाला जाळ लागला की त्याची ताकदच जाते. साध्या पोलादालाही हिशेबाने. लाल व्हायला हवं, पण मंद लाल. उन्हात तो रंग दिसत नाही, म्हणून वर ताडपत्री धरली. त्या सावलीत पेंटर आपण होऊन पुढे सरकले आणि त्यांच्या हयातीत पहिल्यांदा कोणीतरी त्यांचं ऐकलं. ‘अजून काथ्या रंगाचं हाये... आता गेरू... गेरू... बस! सेंदरी नोका होऊ देऊ!’ मिस्त्रींनी जाळ काढला, जॅकचा दांडा दाबला आणि लोखंड मुकाट्याने जागेवर आलं.

‘पाणी टाका आता!’ रेघेपलीकडून चार जण ओरडले. मिस्त्रींनी बादली हातात घेतलेल्या पोराकडे नुसतं पाहिलं. तापलेल्या लोखंडावर पाणी टाकलं तर ते कडक होऊन ठिसूळ व्हायची भीती, आणि ठिसूळ चेसिस पहिल्याच मोठ्या खड्ड्यात जाते. आमच्या रस्त्यांवर पहिला मोठा खड्डा यायला वाट पाहावी लागत नाही. लोखंड आपल्या वेळेने निवू दिलं. पोराने बादली कडुलिंबाला घातली.

मग भेगा शोधणं. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर पातळ डिझेल लावायचं, पुसून घ्यायचं आणि वरून खडूची पूड टाकायची. भेग असेल तर तिच्यात शिरलेलं डिझेल हळूच बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. खडू माझ्याकडचे. निवृत्त शिक्षकाच्या घरी पेन्शनपेक्षा खडू जास्त शिल्लक असतात. डाव्या पट्टीवर करंगळीच्या नखाएवढी भेग निघाली. मिस्त्रींनी ड्रिल मशीन घेतलं आणि भेगेच्या नेमक्या टोकाला एक बारीक गोल भोक पाडलं. यावर रेघेपलीकडे खळबळ उडाली. फुटलंय तिथे हा माणूस आणखी भोक पाडतो! कारण असं की भेग टोकदार असते तोवर पुढे पळते. गोल भोकात तिचं टोकच संपतं. मग ती वेल्डिंगने भरली आणि आतून जाड पट्टी बसवली, तीही दोन्ही टोकांना निमुळती कापून, म्हणजे सगळा जोर एका आडव्या रेघेवर येत नाही. ढिले झालेले रिव्हेट कापून काढले, भोकं साफ केली आणि त्यात उंची पोलादाचे घट्ट बोल्ट आले. हे सगळं करताना नंबर ठोकलेल्या जागेवर मिस्त्रींनी पहिल्यापासून ओल्या कापडाची घडी बांधून ठेवली होती. तिथे त्यांनी जाळ नेला नाही, हातोडी नेली नाही, आणि कोणाला हातही लावू दिला नाही. नंबर खराब झाला तर सरळ केलेली गाडी कोणाची, याचं उत्तर आरटीओत द्यावं लागतं, आणि तिथे फीत चालत नाही.

याच सुमारास नागपूरच्या एका ओळखीच्यांचा मुलगा आला. त्याला जुन्या गाड्यांचा नाद. त्याने चेसिसला नमस्कार केला आणि म्हणाला, ‘काका, ही विंटेज करा!’ २०२१ च्या जुलैत तसा नियम आला आहे खरा. पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंद मिळते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीची फी वीस हजार. मी हुरळलो. मग त्याने पुढचं वाचून दाखवलं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणं अशा ठराविक कामांपुरतीच. आणि चेसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला चालत नाही. म्हणजे हिला विंटेज व्हायचं असतं तर आयुष्यभर काही काम करायला नको होतं. धान वाहणाऱ्याला हा मान नाही. बाजूला उभे असलेले भंगारवाले समाधानाने मान हलवत होते.

केबिन चढवायला क्रेन नव्हती. मिस्त्रींनी रेघ पुसून टाकली. आजवर पलीकडे उभे असलेले सगळे मतदार आत आले. वायरमन, पेंटर, विज्ञानाचे पदवीधर, भंगारवाले, एकेका कोपऱ्याला चार-चार. ‘उचला’ म्हटल्यावर केबिन वर गेली आणि कोण कुठल्या बाजूला चुकतंय हे सोळा जणांनी एकाच वेळी सांगितलं. तरी ती बसली. बोल्टांची भोकं भोकांसमोर आली. भोकं जुळणं हा चेसिस सरळ झाल्याचा पुरावा असतो. वाकड्या चेसिसवर केबिन बसवायला पहार लागते.

शेवटची परीक्षा ओल्या मैदानावर. सकाळी पाऊस पडून गेला होता, वर चिखलाचा पातळ थर होता. भाचा गाडी नाकासमोर सरळ घेऊन गेला, आणि आम्ही सगळे मागे उरलेल्या चाकोरीवर वाकलो. पुढच्या चाकाच्या खुणेवर मागच्या चाकाची खूण बरोबर पडली की गाडी सरळ. दोन्ही बाजूंना एकेकच खूण होती. तरी मिस्त्रींनी गाडी शेडमध्ये परत आणवली, ओळंबे सोडले, खडूच्या फुल्या मारल्या आणि फितीचं टोक माझ्या हातात दिलं. एक कर्ण. दुसरा कर्ण. ‘एक सूत राह्यलं,’ ते म्हणाले. एवढा फरक चालतो, असं मीच त्यांना समजावलं.

पैशांचं विचारलं तर त्यांनी खडूनेच फरशीवर हिशेब मांडला. गॅस, बोल्ट, पट्टी, वेल्डिंगच्या कांड्या. मग मजुरी. ‘सहा सुताचे घेतो जी. एक राह्यलं, त्याचे नाई घेत.’ मी पूर्ण सातांचे पुढे केले. त्यांनी एकाचे मोजून परत माझ्या हातात ठेवले.

यावर जमलेल्या सगळ्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. वायरमननी ते सर्वांच्या वतीने बोलून दाखवलं, ‘मिस्त्री, तुमी सातही सुताचे घ्या. ते एक सूत तं कंपनीतूनच वाकडं आलं असंन.’